गेलेला वाडा वाचायचा कसा

तालुक्याच्या गावातला लाकडी वाडा सहसा एका दिवसात जात नाही. आधी मागचे माजघर बसते. दोन पावसाळ्यांनी एक सोपा, म्हणजे चौकाकडे उघडी खांबांची पडवी, खाली येतो. मग धोकादायक इमारतीची नोटीस लागते, जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन खांब-तुळया घेऊन जातो, घडीव दगड कुणाच्या तरी कुंपणात बसतात, आणि उरते वेड्या बाभळींनी भरलेले जोते. 'इथे दोन चौकी वाडा होता', एवढेच गावात सांगतात. त्याहून जास्त कुणाला आठवत नाही.

पण जोते जागेवर आहे तोवर बरेच काही हाती लागते. वाड्याचा आराखडा, मजल्याची उंची, लाकडाची मापे, आणि पुष्कळदा वाडा का पडला तेही. त्यासाठी तो उभा कशाच्या जोरावर होता, हे आधी समजून घ्यावे लागते.

वाडा उभा असतो लाकडावर

जाड भिंती बघून आपल्याला वाटते की छप्पर भिंतींवर आहे. बहुतेक वाड्यांत ते खांबांवर असते. जमिनीत पुरलेला पाया, त्यावर घडीव दगडाचे जोते, जोत्यावर ठरलेल्या जागी बसवलेले दगडी तळखडे आणि प्रत्येक तळखड्यावर एक खांब. खांबाच्या माथ्यावर एक आडवा, बहुधा नक्षीदार लाकडी तुकडा, म्हणजे तुळईला टेकायला जागा जास्त मिळते. त्यावर तुळई, तुळईवर फूट-दीड फुटाच्या अंतराने कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडे, कड्यांवर फळ्या किंवा किलच (लाकडाच्या चिरफळ्या), आणि त्यावर मातीची जमीन. लाकूड लाकडात बसते ते कुसूने: खांबाच्या टोकाला कोरून ठेवलेली जीभ वरच्या लाकडाच्या खाचेत जाते. खिळे जवळपास नसतात. मजल्याचे वजनच सांधा दाबून धरते.

दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि जुने घर खणातच मोजले जाई. 'पाच खणी सोपा' म्हणजे सहा खांबांची ओळ. खण साधारण पाच ते आठ फुटांचा, कारण तेवढ्या लांबीची तुळई वाकत नाही आणि तेवढे लाकूड बैलगाडीतून आणता येते. एका वाड्यात सुताराने एकदा खण ठरवला की बहुधा तोच सगळीकडे चालतो. गेलेल्या वाड्याचा शोध सुरू होतो तो इथूनच.

भिंत मग काय करते? जागा बंद करते, ऊन-पाऊस अडवते, आणि बाहेरच्या बाजूला कड्यांची टोके पेलते. पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या भिंतीच्या पोटातही खांब असतात, ते वरून दिसत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हे उघड्यावर आले. मातीत रचलेल्या दगडी भिंती बाहेर ढासळल्या, माणसे त्यांच्याखाली गेली, आणि अनेक घरांत लाकडी खणांचा सांगाडा माळवदासकट, म्हणजे वरच्या मातीच्या सपाट छपरासकट, उभा राहिलेला दिसला. त्या भिंतींना दोन थर होते, आतला आणि बाहेरचा, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड घातलेले नव्हते, म्हणून हादऱ्याने थर सुटे झाले.

जोत्यावर काय शोधायचे

झुडपे काढताना मुळासकट ओढू नका. मुळाबरोबर दगड हलतो, आणि दगडाची जागा हाच पुरावा असतो. बुंध्याजवळ कापा, वरची माती खराट्याने आणि खुरप्याने सारा.

पहिली नजर तळखड्यांवर. तळखडा जवळून बघा. वरच्या तोंडावर मधोमध एक चौकोन वेगळ्या रंगाचा दिसतो, बाजूपेक्षा खरखरीत आणि फिकट. शे-दीडशे वर्षे तिथे खांब होता, म्हणून त्या जागेवर पाय पडले नाहीत. शेणाचा हात फिरला नाही, तेलकट काळपटपणा आला नाही. भोवतालचा दगड मात्र पायांनी गुळगुळीत झालेला असतो. तो फिकट चौकोन मोजला की खांबाची जाडी मिळते. मधे बोटभर खड्डा असेल तर खांबाला खालीही कुसू होते. एखाद-दुसरा तळखडा गायब असला तरी हरकत नाही. बाकीच्यांचे अंतर सारखे असेल तर त्याची जागा दोरी धरून सांगता येते, आणि तिथे माती सारली की बहुधा त्याच्याखालचा भरावाचा दगड सापडतो.

मग चौक. मधला भाग खोलगट, फरसबंदी, एका कोपऱ्यात मोरीचे तोंड. मोरी ज्या भिंतीखालून बाहेर जाते तो चौकाचा उतार. तुळशी वृंदावनाचा चौथरा किंवा आड मिळाला तर शंकाच उरत नाही. चौकाच्या कडेला घडीव दगडाची सलग ओळ असते. तिच्या आत ओसरी किंवा सोपा, त्यामागे माजघर. जमिनीत पक्के बसवलेले उखळ सापडले तर स्वयंपाकघर जवळच होते. भिंतीच्या जाडीत पोकळ चौकोन लागला तर ते धान्याचे बळद असू शकते. तोल जाऊन आत पडण्याचा धोका असतो, आधी काठीने खोली बघा.

दिंडी दरवाजाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीत समोरासमोर भोके असतात: एक वीतभर, दुसरे हात घातला तर खांद्यापर्यंत जाईल एवढे खोल. अडसर, म्हणजे दाराआडचा लाकडी दांडा, या खोल भोकात सरकवून ठेवत, रात्री ओढून समोरच्यात अडकवत. खोल भोकाची लांबी आणि दाराची रुंदी जवळपास सारखी असते. चौकट विकली गेली असली तरी दार किती मोठे होते ते इथून मिळते.

शेजारची भिंत म्हणजे वाड्याचा उभा नकाशा

जोत्यावरून लांबी-रुंदी मिळते, उंची मिळत नाही. ती शेजाऱ्याच्या भिंतीवर लिहिलेली असते. दोन घरे पाठीला पाठ लावून असतील तर सामाईक भिंत पडत नाही, कारण शेजारी ती पडू देत नाही.

त्या भिंतीवर एका रेषेत चौकोनी भोके दिसतील. त्या कड्यांच्या टोकांच्या जागा. भोकाचा खालचा काठ म्हणजे कडीची खालची बाजू, आणि तीच तुळईची वरची बाजू. जोत्यापासून तिथवर उंची मोजा, त्यातून तुळईची आणि माथ्यावरच्या तुकड्याची जाडी वजा करा, खांबाची उंची आली. भोकांची दुसरी रेषा वर असेल तर मजला होता. कोनाडे मजल्यापासून छातीच्या उंचीवर असतात, त्यामुळे भोके बुजली असली तरी हवेत लटकलेल्या कोनाड्यावरून मजल्याची पातळी काढता येते. एका पट्ट्यात काजळीचा काळा थर म्हणजे चूल. वरती तिरकी रेघ दिसली, रेघेखाली चुन्याचा गिलावा आणि वर उघडी वीट, तर ती उतरत्या छपराची रेघ. माळवद असेल तर ही रेघ आडवी.

एक उदाहरण करून बघू. चौकाच्या एका कडेला सहा तळखडे, मध्य ते मध्य सहा फूट. म्हणजे पाच खण, 30 फूट. तळखड्यांच्या ओळीपासून मागच्या भिंतीपर्यंत नऊ फूट. भिंतीत सव्वा फुटाच्या अंतराने भोके, प्रत्येक 4 इंच रुंद, 5 इंच उंच. तर 30 फुटांत 24 गाळे, म्हणजे 25 कड्या. टेकण्यासकट प्रत्येकी 10 फूट धरली तर कड्यांचे लाकूड सुमारे 35 घनफूट. सात इंची चौरस, आठ फुटी सहा खांब: 16 घनफूट. 7 बाय 8 इंचाची 30 फूट तुळई: 12 घनफूट. एकूण साधारण 63 घनफूट. सागवान असेल तर हे सगळे लाकूड सव्वा टनाच्या आत भरते.

आता याच्यावर काय होते ते बघा. कौलारू छप्पर असेल तर मंगलोरी कौले एका चौरस मीटरला 15 च्या आसपास, म्हणजे या सोप्यावर एक टनाच्या मागेपुढे. आणि माळवद असेल, दीड फूट मातीचे, तर 270 चौरस फुटांवर 405 घनफूट माती. कोरडी असताना साधारण 18 टन. सव्वा टन लाकूड 18 टन माती डोक्यावर घेऊन उभे होते. पाणी मुरले की तीच माती आणखी जड होते.

मग पडतो का

लाकूड जुने झाले म्हणून वाडा पडला, असे सर्रास म्हणतात. ते चूक आहे. कोरडे राहिलेले सागवानी गाभ्याचे लाकूड शतके टिकते. लाकडाला खाते ते पाणी, आणि पाण्यामागून येणारी बुरशी आणि वाळवी. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. वाळवीला जमिनीतून ओल लागते, ती ओल घेऊन येण्यासाठीच ती मातीच्या नळ्या बांधत वर चढते. सुताराने खांब दगडावर का ठेवला, याचे हेच उत्तर. लाकूड आणि माती यांच्यामध्ये त्याने दगड घातला.

ती व्यवस्था आपण नंतर मोडतो. गल्लीतला रस्ता डांबराचा, मग काँक्रीटचा होतो, दर खेपेला जुन्या थरावर नवा थर, आणि रस्ता जोत्याच्या बरोबरीला येतो. पावसाचे पाणी उंबऱ्यातून आत. पाणी येते म्हणून घरमालक आत भराव घालून फरशी टाकतो, आणि तळखडा फरशीखाली गाडला जातो. खांबाचा तळ आता ओल्या मातीत. वरून खांब तुकतुकीत दिसतो, पण फरशीलगत टाचणी घातली तर ती लोण्यात गेल्यासारखी जाते.

दुसरी चूक सिमेंटच्या गिलाव्याची. मातीची भिंत पायातून ओल घेते आणि अंगावरून सोडते. माती किंवा चुन्याचा गिलावा ती सोडू देतो. सिमेंटचा थर तोंड बंद करतो, ओल आत साचते, आणि भिंतीच्या पोटातला खांब व कड्यांची टोके अंधारात कुजतात. कडी मधे कधी मोडत नाही असे नाही, पण बहुतेक वेळा ती भिंतीतल्या वीतभर टोकाशी जाते. बाहेरून चार बोटे फुगवटा दिसतो, गिलाव्याला आडवी भेग पडते. ती रंगवून टाकतात, आणि पुढच्या पावसात मजला खाली.

कौलारू वाड्यात सगळ्यात नाजूक जागा म्हणजे चौकाचे चार आतले कोपरे, जिथे दोन छपरांचे पाणी एकाच पन्हळीत येते. शाकारणी, म्हणजे कौले काढून नीट बसवणे, दरवर्षी पावसाआधी करायची ती याच्यासाठी. एक कौल सरकले, पन्हळीत पाने अडली, की पाणी थेट कोपऱ्याच्या खांबाच्या माथ्यावर. तो खांब दोन्ही बाजूंच्या तुळया पेलतो, म्हणून एका कोपऱ्याबरोबर दोन सोपे जातात. पडलेल्या वाड्यात ढिगारा कोणत्या कोपऱ्याकडे जास्त आहे ते बघा. सुरुवात बहुधा तिथली.

मराठवाडा, सोलापूरकडच्या माळवदांची गोष्ट वेगळी आणि मनाला लागणारी आहे. तिथे माळवदावर खारी माती टाकतात. या मातीत सोडियम जास्त असते, ओली झाली की तिचे कण फुगून सुटे होतात आणि बारीक छिद्रे बुजवतात, म्हणून पाणी खाली जात नाही. पण दरवर्षी थोडी वाहून जाते म्हणून दरवर्षी नवी टाकतात, जुनी मात्र कुणी खरवडून काढत नाही. वीतभराचे माळवद दोन पिढ्यांत दोन फुटांचे होते. घराची मनापासून काळजी घेणाऱ्यानेच न कळत त्याच्या डोक्यावर दुप्पट-तिप्पट ओझे ठेवले. किल्लारीनंतर घरे मजबूत करताना माळवदावरची जास्तीची माती उतरवणे आणि खांब-तुळईच्या कोनात तिरके आधार मारणे, हे पहिल्या उपायांपैकी होते. उभ्या वाड्याला आजही तेच करावे. माती मात्र एका कोपऱ्यातून सुरू करून एकदम साफ करायची नाही. सगळीकडून सारखी, थराथराने उतरवायची, नाहीतर तोल बिघडतो.

आगीने गेलेला वाडा वेगळा ओळखू येतो. माती भाजून विटकरी होते, ढिगाऱ्याच्या तळाशी कोळशाचा थर लागतो, काळ्या दगडाचे पापुद्रे सुटलेले असतात. पुण्याचा शनिवारवाडा 27 फेब्रुवारी 1828 ला पेटला आणि आतले लाकडी मजले गेले. आज तिथे फिरताना जे पायाखाली येते ते जोतेच आहे. छोट्या गावातला वाडा वाचायची सवय डोळ्यांना लावायची तर आधी तिथे जाऊन तळखड्यांच्या ओळी बघाव्यात. मग वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा उभा वाडा बघावा: सांगाडा कसा भरलेला असतो ते तिथे कळते.

वय कसे काढायचे

चौकटीवर किंवा दगडावर शके वर्ष कोरलेले असेल तर त्यात 78 मिळवा: शके 1710 म्हणजे इसवी सन 1788-89. लेख नसेल तर साहित्य बोलते. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना 1865 मध्ये मंगळूरला निघाला, तेव्हा ती कौले असलेले छप्पर त्यानंतरचे. फक्त छप्पर, वाडा नव्हे. जुनी नळीची कौले उतरवून ही घातलेली पुष्कळ घरे आहेत. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव असते, त्याचा फोटो घ्या. चपट्या, पातळ विटा जुन्या, जाड साच्याच्या विटा नंतरच्या. लोखंडी गर्डरवर गिरणीचे नाव उठवलेले असेल तर टिपून ठेवा.

लाकूड फसवते. एखाद्या तुळईवर मधेच रिकाम्या खाचा दिसल्या, ज्यात काहीच बसत नाही, तर ती तुळई आधी दुसऱ्या घरात होती. चांगले लाकूड वाया घालवायची पद्धतच नव्हती. त्यामुळे सगळ्यात जुन्या दिसणाऱ्या खांबावरून वाड्याचे वय ठरवू नये.

कागद

नगरपरिषदेच्या गावात सिटी सर्व्हे झालेला असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि नकाशा मिळतो. वाड्याची हद्द आणि बोळ त्यावरून पक्के होतात. पत्रकावरची नावे मोजा. एका वाड्यावर पंधरा-वीस हिस्सेदार चढलेले असतात, आणि दुरुस्तीला पैसे कुणी द्यायचे हे कधीच ठरत नाही. वाडा जाण्याचे हेही एक कारण, वाळवीइतकेच खरे. ग्रामपंचायत असेल तर नमुना 8 च्या जुन्या नोंदवह्यांत घराचे वर्णन आणि माप असते.

जुन्या खरेदीखतात 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासहित' असे ठराविक शब्द असतात, त्यावर वेळ घालवू नका. चतुःसीमा आणि खणांचा आकडा तेवढा घ्या. कागद मोडीत असेल तर वाचून घ्या. मापे गज आणि तसूत असतील: 24 तसूंचा गज. पण गज गावोगावी लहान-मोठा होता, म्हणून कोष्टकातला आकडा लावण्यापेक्षा जोत्याची आजची लांबी कागदावरच्या गजांनी भागा, त्या गावचा गज हाती येईल.

सगळ्यात दुर्लक्षित पुरावा म्हणजे लग्नाचे फोटो. मांडव चौकात पडायचा, म्हणून मागे खांब, कमानी, कठडे, वरच्या कड्या सगळे येते. तळखडा अजून जागेवर असेल तर त्याची रुंदी फोटोत आणि प्रत्यक्षात मोजून त्याच्या शेजारच्या खांबाची उंची काढता येते. भाऊबंदांकडे, मुंबई-पुण्याला गेलेल्या लेकींकडे विचारा.

मोजणी

आधी मालकाची, म्हणजे शक्यतो सगळ्या हिस्सेदारांची परवानगी. लटकलेल्या लाकडाखाली आणि ओल्या मातीच्या भिंतीजवळ जायचे नाही. फेब्रुवारी ते मे हा काळ बरा, गवत वाळलेले असते आणि भिंती कोरड्या.

तीस मीटरची टेप, ओळंबा, पाणसळीसाठी पारदर्शक नळी, सुतळी, चुन्याची फक्की आणि आलेखाचा कागद एवढे पुरते. दोघे मोजायला, एक लिहायला. तळखड्यांच्या ओळींना एका दिशेने अ, ब, क आणि दुसऱ्या दिशेने 1, 2, 3 द्या, म्हणजे प्रत्येक खांबाला पत्ता मिळतो: ब4, क2. प्रत्येक खण वेगळा मोजून बेरीज करू नका. दर खेपेला सेंटीमीटरभर चूक झाली तरी वीस खणांत वीतभर होते. टेपचे शून्य एका टोकाला पक्के ठेवा आणि सगळी अंतरे तिथूनच वाचा. चौक चौरस दिसला तरी दोन्ही कर्ण मोजा. ते क्वचितच सारखे भरतात, आणि गल्लीच्या वळणाप्रमाणे वाडा किती तिरका बांधला होता ते त्यातून कळते.

नकाशा 1:50 प्रमाणात काढा. दिसले ते सलग रेषेने, अंदाजाने जोडले ते तुटक रेषेने, आणि कुणी तोंडी सांगितले ते तिसऱ्या रंगाने. हे तीन एकमेकांत मिसळले तर नकाशाचा उपयोग संपतो. उत्तर दिशा, मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्यांची नावे त्याच कागदावर लिहा.

लाकूड अजून विकले गेले नसेल तर उतरवण्याआधी प्रत्येक खांबावर आणि तुळईवर हाच पत्ता खडूने नको, ऑइलपेंटने लिहा, आणि कुसू दिसेल असा टोकाचा फोटो घ्या. कोरीव भाग 100 वर्षांहून जुने असतील तर 1972 च्या पुराणवस्तू आणि कलानिधी कायद्यामुळे ते देशाबाहेर विकता येत नाहीत, हे व्यवहाराआधी मालकाला सांगा. वाडा 100 वर्षांचा झाला की सरकार आपोआप तो राखते, असा मात्र समज आहे तो खोटा. यादीत आलेल्या वास्तूलाच संरक्षण मिळते. नकाशाची एक प्रत मालकाकडे, एक गावच्या वाचनालयात, आणि एक नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत पोच घेऊन द्या.